तिसऱ्या रकान्यातल्या मताचीही किंमत सारखीच हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातला उत्तर आयर्लंडच्या शांतता करारावरचा लेख वाचला. माझा भाऊ मिरजेहून आपल्या पेपरची कात्रणे फोनवर पाठवत असतो, त्यात तो आला. दोन भांडणाऱ्या समाजांना सत्तेत बरोबरीने बसवले, बंदुका थंडावल्या आणि प्रश्न सुटला, असा लेखाचा एकूण सूर होता. बंदुका थंडावल्या हे खरेच आहे, आणि त्याचे मोल मी इथे रोज बघते. पण 'प्रश्न सुटला' या शब्दांपाशी मी अडले. बेलफास्टच्या एका सरकारी इस्पितळात मी गेली बावीस वर्षे नर्स आहे. या बावीस वर्षांतली नऊ वर्षांहून जास्त इथली विधानसभा बंद होती. ती बंद असते तेव्हा वॉर्डात काय होते, हे लेखात आले नाही. म्हणून हे पत्र. लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

फेब्रुवारी २००३ मध्ये मी इथे आले. तेव्हा इकडच्या इस्पितळांनी भारतातून आणि फिलिपिन्समधून मोठ्या संख्येने नर्स नेल्या होत्या. आमच्या तुकडीत बहुतेक मुली केरळच्या, मराठी मी एकटीच. रुजू व्हायच्या दिवशी पगाराच्या आणि लसींच्या कागदांबरोबर आणखी एक फॉर्म हातात पडला. त्यात तीन चौकटी होत्या. मी प्रोटेस्टंट समाजाची आहे, मी रोमन कॅथलिक समाजाची आहे, मी या दोन्हींपैकी कुठल्याही समाजाची नाही. मी तिसऱ्या चौकटीत खूण केली. नोकरीत एखाद्या समाजाला डावलले जात नाही ना, हे पाहण्यासाठी कायद्यानेच हा फॉर्म भरून घेतात. दहापेक्षा जास्त माणसे कामाला असलेल्या प्रत्येक मालकाला हे करावे लागते. एके काळी मोठमोठ्या कारखान्यांत कॅथलिकांना दारातही उभे करत नसत, त्या अनुभवातून आलेला हा चांगला कायदा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अशाच तीन चौकटी विधानसभेतही आहेत, आणि तिथे तिसऱ्या चौकटीतल्या माणसाचे मत उरलेल्या दोघांपेक्षा हलके धरतात, हे मला फार उशिरा कळले.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. १९२१ पासून १९७२ पर्यंत या प्रांतावर एकाच पक्षाचे राज्य होते. ब्रिटनबरोबर राहू इच्छिणाऱ्या प्रोटेस्टंट बहुसंख्याकांचे, म्हणजे युनियनिस्टांचे. डेरी शहरात कॅथलिक जास्त, तरी प्रभाग असे पाडलेले की नगरपालिका कायम युनियनिस्टांकडेच. माझ्याबरोबर काम करणारी एक नर्स डेरीची. तिची आई लग्नानंतरही नवऱ्यासह सासूच्या घरात एका खोलीत राहायची, कारण नगरपालिका घर देत नव्हती, आणि घर नावावर नाही म्हणून नगरपालिकेचे मतही नव्हते. घर मागायचे तर मत हवे आणि मत मागायचे तर घर हवे, अशी कोंडी. त्यातून १९६८च्या सुमाराला नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, मग दंगली झाल्या, मग तीस वर्षांचा हिंसाचार. साडेतीन हजारांवर माणसे मेली. आज या प्रांताची लोकसंख्या १९ लाख, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याहून बरीच कमी. एवढ्या छोट्या जागेत साडेतीन हजार माणसे गेली की ज्याच्या घरापर्यंत ते पोचले नाही असे कोणी उरत नाही. रात्रपाळीत म्हातारे पेशंट झोपेत नावे घेतात. कोणाची, ते आम्ही विचारत नाही.

१० एप्रिल १९९८ला गुड फ्रायडे करार झाला. मे महिन्यात लोकांनी त्यावर मत दिले, उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के बाजूने. त्या वेळी शहाणपण हेच होते की कुठलाही एक समाज पुन्हा दुसऱ्यावर राज्य करू शकणार नाही अशी व्यवस्था हवी. तशी ती केली गेली. विधानसभेत निवडून आलेला प्रत्येक जण हजेरीच्या वहीत सही करतो आणि सहीबरोबर लिहितो, मी युनियनिस्ट, नॅशनलिस्ट, की इतर. नॅशनलिस्ट म्हणजे संयुक्त आयर्लंड हवे असणारे, बहुतेक कॅथलिक. सरकारच्या शिरावर दोन माणसे, फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर. नावात डेप्युटी असले तरी अधिकार अगदी सारखे. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. बाकीची बहुतेक खाती पक्षांच्या जागांच्या प्रमाणात वाटली जातात.

आपल्याकडे बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली, तसे हे आहे. १९९८ मध्ये चोरीची भीती खरी होती, त्यामुळे दोन किल्ल्या हव्याच होत्या. पण एक जण रुसून किल्ली घेऊन घरी गेला तर लॉकरमधले सामान कोणालाच मिळत नाही. इथे सामान म्हणजे शाळा, रस्ते, पाणी आणि इस्पितळे.

आणि किल्ली घेऊन जाणे दोघांनीही केले आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. मी आले तेव्हा विधानसभा ऑक्टोबर २००२ पासून बंदच होती, ती मे २००७ मध्ये उघडली. त्या दिवशी इयन पेझली आणि मार्टिन मॅकगिनेस शेजारी बसून हसताना टीव्हीवर दिसले. एक आयुष्यभर 'कदापि नाही' म्हणत आलेला प्रोटेस्टंट पाद्री, दुसरा आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढलेल्या सशस्त्र संघटनेचा एके काळचा म्होरक्या. आमच्या वॉर्डातल्या टीव्हीसमोर पेशंट, डॉक्टर, झाडू मारणारा, सगळे उभे राहिलो होतो. एक आजीबाई रडत होत्या. पुढे जानेवारी २०१७ मध्ये शिन फेन या नॅशनलिस्ट पक्षाचे डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला. शेतकऱ्यांना आणि उद्योगांना लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे बॉयलर घ्यायला अनुदान देणाऱ्या योजनेत मर्यादाच घातली नव्हती, जितके जाळाल तितके जास्त पैसे मिळत होते. तो घोटाळा गंभीर होता, राग रास्त होता. पण सरकार पडले ते तीन वर्षांसाठी. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपी या युनियनिस्ट पक्षाच्या फर्स्ट मिनिस्टरने ब्रेक्झिटनंतरच्या व्यापारी नियमांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. काही महिने मंत्री काळजीवाहू म्हणून राहिले, नंतर तेही गेले. विधानसभा पुन्हा सुरू झाली ती ३ फेब्रुवारी २०२४ला.

आता वॉर्डात काय होते ते सांगते.

मी हाडांच्या विभागात आहे. माझ्याकडे एक निवृत्त बसड्रायव्हर यायचे. खुबा बदलायचा होता. २०१८ मध्ये नाव यादीत लागले आणि ऑपरेशन झाले २०२३ मध्ये. पहिल्यांदा आले तेव्हा काठी होती, नंतर वॉकर, नंतर मुलगा खुर्चीवरून ढकलत आणू लागला. यादीत नाव लागल्याचे पत्र ते कोटाच्या आतल्या खिशात घडी करून ठेवत. घड्यांवर कागद फाटला होता, तिथे त्यांनी सेलोटेप लावली होती. दर खेपेला ते पत्र काढून मला दाखवायचे, जणू ते पाहून माझ्या हातून काहीतरी होईल. ऑपरेशनआधीच्या रात्री ते म्हणाले, "सिस्टर, माझी बायको जिवंत होती तेव्हा झालं असतं तर आम्ही एकदा समुद्रावर गेलो असतो." त्या गृहस्थांनी आयुष्यभर दर निवडणुकीला मत दिले होते. कोणाला, ते मला ठाऊक नाही. कोणालाही दिले असते तरी यादी तीच होती.

पूर्ण युनायटेड किंग्डममध्ये सर्वांत लांब वेटिंग लिस्ट इथली आहे. सगळा दोष बंद विधानसभेचा नाही, हे कबूल. पण काय करायला हवे हे २०१६ मध्येच प्राध्यापक राफाएल बेंगोआ यांच्या समितीने लिहून दिले होते. कुठली इस्पितळे एकत्र करायची, कुठल्या शस्त्रक्रिया कुठे न्यायच्या, हे निर्णय लोकांना न रुचणारे असतात, ते घ्यायला मंत्री लागतो. अहवाल ऑक्टोबरात आला आणि जानेवारीत सरकारच पडले. तीन वर्षे सचिवांनी गाडा ओढला. २०१८ मध्ये तर एका कचरा जाळण्याच्या प्रकल्पाच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की मंत्र्याविना असे मोठे निर्णय घेण्याचा अधिकार सचिवाला नाही. मग जे थोडेफार होत होते तेही हात आखडून होऊ लागले.

आमचे पगार त्यातच अडकले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समधल्या नर्सपेक्षा आम्हाला कमी पगार होता, आणि अडीच हजारांवर जागा रिकाम्या होत्या. आमच्या खात्याचे उत्तर ठरलेले: मंत्री नाही, वाढ देण्याचा अधिकार नाही. १८ डिसेंबर २०१९ला आम्ही संपावर गेलो. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या आमच्या संघटनेच्या १०३ वर्षांच्या इतिहासातला तो पहिला संप होता. मिरजेत शिकताना आमच्या मेट्रन म्हणायच्या की पेशंटला सोडून नर्स कुठे जात नाही. ते वाक्य डोक्यात ठेवून मी त्या दिवशी फाटकाबाहेर फलक धरून उभी राहिले आणि मला शरम वाटत होती. अतिदक्षता विभाग चालू होता, कोणाच्या जिवाला धोका नव्हता, तरी वाटत होती. रस्त्यावरच्या गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा देत होत्या. फॉल्स रोडच्या बेकरीतून आणि शँकिल रोडच्या बेकरीतून, दोन्हीकडून खाऊ आला. हे दोन रस्ते शेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये आजही उंच भिंत आहे. ११ जानेवारी २०२०ला सरकार परत आले आणि नव्या आरोग्यमंत्र्यांनी काही दिवसांतच आमचा प्रश्न सोडवला. तीन वर्षे अशक्य असलेले काम सहीनिशी झाले, कारण सही करायला माणूस होता.

हेच पुन्हा घडले. २०२३च्या डिसेंबरात लंडनच्या सरकारने ३.३ अब्ज पौंडांचे पॅकेज देऊ केले, त्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पैसे होते, पण अट अशी की आधी विधानसभा सुरू करा. म्हणजे आमचा पगार हा राजकारण्यांना आत आणण्यासाठीचे आमिष झाला. १८ जानेवारी २०२४ला दीड लाखाच्या आसपास कर्मचारी गोठवणाऱ्या थंडीत रस्त्यावर आले. शिक्षक, बसड्रायव्हर, नर्स, रस्त्यावरचे बर्फ हटवणारे. पुन्हा आम्ही फाटकाबाहेर होतो.

एका कायद्याची गोष्ट सांगते, कारण ती मला अजून बोचते. मृत्यूनंतर अवयवदानाला माणसाची संमती आहे असे गृहीत धरणारा, नको असेल त्याने तसे नोंदवावे असा कायदा इथल्या विधानसभेने फेब्रुवारी २०२२ मध्ये मंजूर केला. हृदयाची वाट पाहणाऱ्या एका चिमुकल्या मुलाच्या नावाने तो ओळखला जातो. कायदा झाला, पण कुठले अवयव आणि ऊती त्यात येतात याचे नियम विधानसभेने संमत करायचे राहिले, आणि विधानसभाच उरली नाही. त्या मुलाच्या आईवडिलांनी विनंती केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सदस्यांना खास बोलावले. पण सभापती निवडल्याशिवाय सभागृहाला काहीच करता येत नाही, आणि सभापती निवडायला दोन्ही समाजांची संमती लागते. ती मिळाली नाही. सदस्य घरी गेले. शेवटी लंडनच्या संसदेने आपल्या एका विधेयकात दुरुस्ती घुसवून ते काम केले आणि १ जूनला कायदा लागू झाला. मी त्या दिवशी, फेब्रुवारीत, ड्युटीवर होते. आमच्या इथे कोणी मोठ्याने काही बोलले नाही. पण सगळ्या मोठ्या पक्षांचा त्या नियमांना पाठिंबा असताना ते संमत होऊ शकले नाहीत, ही गोष्ट मी घरी मुलीला समजावून सांगू शकले नाही. ती तेव्हा सतरा वर्षांची होती.

इथे मला आकड्यांत शिरावे लागेल, कारण खरी गाठ आकड्यांत आहे. मे २०२२च्या निवडणुकीत ९० जागांपैकी युनियनिस्ट ३७, नॅशनलिस्ट ३५ आणि इतर १८ आले. म्हणजे पाचातला एक सदस्य स्वतःला दोन्हींपैकी काहीच म्हणवत नाही. महत्त्वाच्या मतदानाला दोन कसोट्यांपैकी एक पार करावी लागते. एक, सभागृहाचे बहुमत आणि शिवाय दोन्ही गटांचे वेगवेगळे बहुमत. दुसरी, सभागृहाची ६० टक्के मते आणि दोन्ही गटांतली निदान ४०-४० टक्के. आता असे समजा की एखाद्या गोष्टीला सगळे ३५ नॅशनलिस्ट, सगळे १८ इतर आणि १४ युनियनिस्ट तयार आहेत. ९० पैकी ६७ मते झाली. तरी ती गोष्ट पडते, कारण ३७ चे ४० टक्के म्हणजे १५ युनियनिस्ट हवेत, आणि आहेत १४. त्या १८ जणांचे मत एकूण बेरजेत धरतात, पण ज्या ठिकाणी निकाल लागतो तिथे त्यांना जागाच नाही. डीयूपीकडे ३७ पैकी २५ होते. ते बाजूला झाले की उरतात १२, चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणून ९० मधल्या २५ जणांनी सगळ्यांना अडवले. शिन फेनकडे ३५ पैकी २७ आहेत, म्हणजे तीच ताकद त्यांच्याही हाती आहे.

या चौकटींपायी काय करावे लागले ते पाहा. नोव्हेंबर २००१ मध्ये युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिम्बल यांची फर्स्ट मिनिस्टर म्हणून फेरनिवड युनियनिस्ट मते कमी पडल्यामुळे अडली. तेव्हा अलायन्स पक्षाच्या तीन सदस्यांनी, जे 'इतर' होते, तात्पुरते आपल्याला युनियनिस्ट म्हणून नोंदवून घेतले आणि सरकार वाचवले. त्यांनी चांगल्या हेतूने केले. पण आपले मत मोजले जावे म्हणून माणसाला आपण जे नाही ते लिहून द्यावे लागले. दक्षिण बेलफास्टमधून २००७ मध्ये ॲना लो निवडून आल्या. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या, इथल्या चिनी समाजासाठी वर्षानुवर्षे राबलेल्या. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना त्या आपल्या वाटायच्या. त्यांनीही 'इतर' म्हणूनच सही केली. दुसरे काय करणार होत्या? दोन वेळा निवडून आल्या, आणि अशा मतदानात त्यांच्या मताला कुठल्याच गटात स्थान नव्हते.

हे काही इथलेच दुखणे नाही. बॉस्नियात युद्ध थांबवणाऱ्या डेटन करारानंतर राष्ट्राध्यक्षपद तीन जणांत वाटले, एक बॉस्नियाक, एक क्रोएट, एक सर्ब. तिथले एक ज्यू आणि एक रोमा नागरिक न्यायालयात गेले, की आम्हाला उभेच राहता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. तरी बॉस्नियाची राज्यघटना अजून बदललेली नाही.

आता दुसरी बाजू, जी मी रोज जेवणाच्या सुट्टीत ऐकते. आमच्या वॉर्डच्या जुन्या सिस्टर पूर्व बेलफास्टच्या, युनियनिस्ट घरातल्या. त्यांचे वडील पोलिसात होते. लहानपणी रोज सकाळी वडील गाडीखाली वाकून बॉम्ब लावलेला नाही ना ते बघायचे आणि मगच मुलांना आत बसू द्यायचे. त्या थर्मासमधला चहा मला ओतून देत म्हणाल्या, "ही सगळी बंधनं कॅथलिकांच्या रक्षणासाठी आणली तेव्हा आम्हाला सांगितलं, सहन करा. आता आम्ही संख्येने मागे पडलो, तर तुम्ही म्हणता बंधनं काढा." २०२१च्या जनगणनेत कॅथलिक घरांतले ४५.७ टक्के आणि प्रोटेस्टंट घरांतले ४३.५ टक्के निघाले. त्यांची भीती मनाची नाही, कागदावरची आहे. मी त्यांना हिणवणार नाही. त्यांच्या भीतीचे उत्तर न देता जो कोणी सुधारणा मागेल त्याची सुधारणा टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. १९७४ मध्ये सत्तेच्या वाटणीचा पहिला प्रयोग युनियनिस्ट कामगारांच्या संपाने पाच महिन्यांत मोडला होता, हे इथे कोणी विसरलेले नाही.

पण उत्तर आहे, आणि तेही आकड्यांतच. ब्रिटिश संसदेच्या उत्तर आयर्लंडविषयक समितीने डिसेंबर २०२३ मध्ये सुचवले की सभापतीची निवड गटागटाने न करता सभागृहाच्या दोन तृतीयांश मतांनी करावी, आणि वरच्या दोघांना संयुक्त फर्स्ट मिनिस्टर म्हणावे, ते कुठल्याही गटातले असू शकतील. दोन तृतीयांश म्हणजे ९० पैकी ६०. सगळे नॅशनलिस्ट आणि सगळे इतर एकत्र आले तरी ५३ होतात. सगळे युनियनिस्ट आणि इतर मिळून ५५. म्हणजे आजच्या सभागृहात एका समाजाला बाजूला ठेवून ६० गाठताच येत नाहीत. ते संरक्षण राहते. जाते ते फक्त एका पक्षाचे एकट्याने दार बंद करण्याचे बळ. हे मी सिस्टरना जेवणाच्या टेबलावर पेपर नॅपकिनवर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून बेरीज पुन्हा केली. "पन्नास वर्षांनी आकडे हेच राहतील का?" त्यांनी विचारले. नाही राहणार. म्हणून दर काही वर्षांनी या नियमांचा फेरविचार करण्याची तरतूद कायद्यातच हवी, असे मला वाटते.

शिवाय एक गोष्ट सुधारू शकते याचा पुरावा समोर आहे. तीस सदस्यांच्या सह्या आणल्या की कुठलाही ठराव दोन्ही गटांच्या संमतीवर लटकवता येई. २०११ ते २०१६ या काळात शंभराहून अधिक वेळा हे हत्यार उपसले गेले. समलिंगी विवाहाच्या ठरावाला नोव्हेंबर २०१५ मध्ये निसटते बहुमत मिळूनही तो याच मार्गाने पाडला. २०२० च्या समझोत्यानंतर नियम बदलला. आता सह्या एकाच पक्षाच्या चालत नाहीत, आणि मध्ये चौदा दिवस थांबून विचार करावा लागतो. त्याने आभाळ कोसळले नाही. मग सभापतीच्या निवडीचा नियम बदलला तर का कोसळावे?

उलट एक बदल वाईटाकडेही झाला आहे, तो लेखात हवा होता. मूळ करारात दोन्ही प्रमुखांची जोडी सभागृह एकत्र निवडत असे. म्हणजे एकमेकांच्या माणसाला मत द्यावे लागे. २००६च्या सेंट अँड्र्यूज करारानंतर ते गेले. आता दोन्ही बाजूंचे मोठे पक्ष आपापल्या माणसाचे नाव सांगतात आणि झाले. तेव्हापासून प्रत्येक निवडणूक 'आम्हाला मत द्या नाहीतर त्यांचा फर्स्ट मिनिस्टर होईल' या एकाच भीतीवर लढली जाते. प्रचाराची पत्रके माझ्या दारातही पडतात. त्यात इस्पितळाचे नाव शेवटच्या ओळीत असते.

एवढे सगळे असूनही ही व्यवस्था मोडून टाका असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका हत्याकांडानंतर अफवा पसरल्या आणि बेलफास्टमध्येही बाहेरून आलेल्यांची दुकाने जाळली गेली. त्या आठवड्यात मी रात्रपाळीला जाताना युनिफॉर्मवर कोट घालून गळ्यापर्यंत बटणे लावायची. त्याच सिस्टर मला स्वतःच्या गाडीतून घरी सोडायच्या आणि माझे दार आतून लागेपर्यंत खाली थांबायच्या. ८ ऑगस्टला सुट्टीवर असलेली विधानसभा बोलावली गेली. एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, फर्स्ट मिनिस्टर मिशेल ओ'नील आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर एमा लिटल-पेंगेली, दोघी एका बाजूने उभ्या राहून बोलल्या. वर्षभर आधी हेच झाले असते तर तिथे बोलायला कोणी नव्हते. म्हणून मला ही विधानसभा हवी आहे, चालू हवी आहे आणि कोणा एकाच्या मर्जीवर नको आहे.

राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून मला इथे मताचा हक्क आहे. २००७ मध्ये मी भारतीय पासपोर्टवरच पहिले मत दिले. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम लिहितात तसे इथे उमेदवारांपुढे १, २, ३ लिहायचे असते. माझी मुलगी मे २०२७ मध्ये विधानसभेसाठी पहिल्यांदा मत देईल. ती इथेच वाढली. तिच्या शाळेत दोन्ही समाजांची मुले एका बाकावर बसायची, अशा शाळा इथे फार थोड्या आहेत. परवा तिने शिकता शिकता करायच्या एका नोकरीसाठी अर्ज भरला. त्यात तो तीन चौकटींचा फॉर्म होता. तिने माझ्याकडे न बघता तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढचे पान उलटले.

नोकरीचे नियम असल्याने नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक परिचारिका
बेलफास्ट (मूळ गाव मिरज)